घुशीचं भुयार

"नकाशा आणून दे, मग बसतो," असं दादा म्हणाला ते निव्वळ धाकटीला कटवायला. पण धाकटीला कटवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. लहानपणी ती मांजराच्या मागे लागली की शेवटी मांजरच कंटाळून तिच्या मांडीवर येऊन बसायचं. दादाचं वाक्य तिने वरच्यावर झेललं आणि विचारलं, "शब्द?"

"शब्द," दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. त्याला वाटलं, मिटला विषय.

बसायचं होतं ते एका खुर्चीवर. ही खुर्ची शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत होती. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या त्या खोलीत कापडाचे गठ्ठे, एक मोडकं शिलाई मशीन आणि एक लांबरुंद कटिंगचं टेबल होतं, आणि दर रविवारी दुपारी त्या टेबलाभोवती भुयाराचा खेळ रंगायचा. खेळ असा, की एकाने सूत्रधार व्हायचं आणि बाकीच्यांनी योद्धा, चोर, जादूगार जे हवं ते. सूत्रधाराने मनातून एक भुयार रचायचं, त्यात खोल्या, बोळ, राक्षस आणि खजिना ठेवायचा, आणि त्याचा नकाशा फक्त स्वतःपाशी ठेवायचा. बाकीच्यांनी विचारायचं, दार उघडलं तर काय दिसतं? सूत्रधाराने सांगायचं, मग फासे टाकायचे, आणि जगलात तर पुढे जायचं.

खुर्ची सूत्रधाराची होती आणि सूत्रधार इतकी वर्षं दादाच होता. आठवडाभर तो पोस्टमन असायचा आणि रविवारी राक्षसांचा बाप. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने तो असे नकाशे काढायचा की मास्तर म्हणायचे, यात खरंच राहायला जावंसं वाटतं, फक्त तो अजगर हलवा.

मग काचबिंदूने त्याची नजर नेली. एका दिवसात नाही नेली, हळूहळू कडेकडेने कुरतडत नेली, आणि दादाने ती गोष्ट घरात कुणाला कळू दिली नाही. एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडायला लागलं तेव्हा कुणी तक्रार करायच्या आधी त्याने स्वतःच थैली नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून तो दवाखाना सोडला तर घराबाहेर पडला नव्हता. दवाखान्यातही दारातून गाडीत आणि गाडीतून दारात. इस्पितळाने दिलेली घडीची पांढरी काठी कपाटामागे वेष्टणासकट उभी होती.

"ज्या रस्त्यावर मी लोकांना पत्ते सांगितले, त्या रस्त्यावरून मला कुणी हाताला धरून नेणार?" तो म्हणायचा. "त्यापेक्षा मी घरात बरा."

मास्तरांनी खूप महिने वाट पाहिली. शेवटी त्यांनी धाकटीला दुकानात गाठलं. तीही त्या टेबलाची खेळाडू, एक नंबरची चोर. मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "बाई, आम्ही आता म्हातारे होणार आणि ते भुयारही तसंच राहणार. दादा येत असेल तर ठीक. नाहीतर येत्या रविवारपासून डॉक्टर खुर्चीवर बसतील म्हणतात."

हे डॉक्टर दातांचे. माणूस सोन्यासारखा, पण सूत्रधार म्हणून कधीमधी बसले तेव्हा पहिल्याच खोलीत सगळ्यांना मारून ठेवलं आणि वर म्हणाले, जरा झोंबेल आता. धाकटीला डॉक्टरांची भीती नव्हती. तिला माहीत होतं की एकदा खुर्ची भरली की दादा सुटकेचा श्वास सोडेल आणि मग त्याला त्या अंथरुणातून कुणीही उठवू शकणार नाही. वहिनीलाही ते माहीत होतं. वहिनी फक्त बोलत नव्हती, भांडी जरा जोरात आपटत होती.

तर मास्तरांचा निरोप धाकटीने दादाला सांगितला, आणि त्यावर दादा म्हणाला होता, "बसू दे डॉक्टरांना. भुयार नकाशावर चालतं आणि नकाशा डोळ्यांनी बघतात." आणि मग ते कटवायचं वाक्य. धाकटीने पदर खोचला नाही, कारण ती पदराचे कपडे घालत नसे, पण बाह्या मात्र सरसावल्या.

तिचा धंदा कॉम्प्युटरचा. मोठमोठ्या गोदामांसाठी ती प्रोग्रॅम लिहायची. माल उचलणाऱ्या माणसाने कोणत्या मांडणीपासून निघावं आणि कुठून कुठे वळावं, म्हणजे त्याचे पाय कमीत कमी दुखतील, हे तिचा प्रोग्रॅम सांगायचा. मांडण्या आणि बोळ यातच तिचा दिवस जात असल्यामुळे भुयार रचणारा प्रोग्रॅम लिहिणं तिला फारसं जड गेलं नाही. बटण दाबलं की तो खोल्या खोदायचा, बोळ जोडायचा, कुठे सापळा लावायचा, कुठे राक्षस बसवायचा. दर वेळी नवं भुयार. तिने त्याचं नाव ठेवलं घूस.

घुशीने पहिल्याच दिवशी फर्मास भुयार खोदलं. ते मोठ्यात मोठ्या कागदावर जाड काळ्या रेघांनी छापून धाकटी घेऊन आली. दादाने कागद नाकाजवळ नेला, मग लांब नेला, मग शांतपणे घडी करून वहिनीच्या हातात दिला. "कपाटाच्या फळीवर अंथर. छान दिसेल."

दुसऱ्या वेळी तिने घुशीला बोलतं केलं. लॅपटॉपमधली बाई सांगायला लागली, "खोली चार. उत्तरेला दार. पूर्वेला बोळ. बोळाच्या शेवटी खोली सात."

"स्टेशनवर गाडी लागलीय का?" दादाने विचारलं.

"ऐक तर."

दादाने ऐकलं. चिकाटीने ऐकलं, हे धाकटीला मान्य करावं लागलं. पण थोड्याच वेळात त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाचातून सहात गेलो की चारातून? पूर्वेचं दार कुणाचं? त्याने बाईला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं, पुन्हा तिथेच अडकला, आणि मग लॅपटॉपचं झाकण हाताने चाचपून स्वतःच मिटवलं.

"माझ्या डोक्यात हे राहत नाही गं," तो म्हणाला. यात राग नव्हता, आणि तेच धाकटीला जास्त लागलं. "आकडे आहेत नुसते. आकड्यात कुणी राहतं का?"

त्या दिवशी धाकटी स्वयंपाकघरात जाऊन कांद्याशिवाय रडली. वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि पाठीवर एक धपाटा घातला. "रडून झालं की दुसरं काहीतरी कर. हे हट्टी आहेत, पण तू त्यांचीच बहीण आहेस."

शनिवारी दुपारी धाकटी आली तेव्हा दादा पडला होता. झोपला नव्हता. चादरीवर त्याची बोटं हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट, जसं काही एकेक पान वेगळं करतोय. आणि तोंडाने पुटपुटत होता, "लाँड्री. गिरणी. हापसा. म्हातारीला हाक. बंद घर. बेकरी, मागचं दार. म्हातारी."

धाकटी दारातच थबकली. तिने वहिनीकडे बघून भुवया उडवल्या.

"बीट म्हणतात," वहिनी हळूच म्हणाली. "पोस्टमनचा रोजचा फेरा नाही का, ते बीट. निघायच्या आधी सगळं टपाल त्याच क्रमाने लावायचं असतं. आता टपाल नाही, तरी लावतात. कुणी स्तोत्र म्हणतं, हे बीट म्हणतात."

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतका की तिला स्वतःला दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या. ती आठवडाभर परक्या खोल्या दादाच्या डोक्यात कोंबत बसली होती, आणि त्या डोक्यात अख्खी गल्ली आधीच दारांखिडक्यांसकट बांधलेली होती. भुयार नवं खोदायचंच नव्हतं. गल्ली जमिनीखाली ढकलायची होती, बस्स.

ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. भागाचा नकाशा काढला, घरांचे नंबर घुशीला चारले, प्रत्येक घराची एक खोली केली, गल्ल्यांचे बोळ केले, आणि आपल्या धंद्याला जागून सगळ्यांत जवळचा रस्ता आखला. मग चढ्या आवाजात वाचायला लागली.

"दादा, उठ. नवं भुयार. पहिली खोली, गिरणी. जमीन थरथरतेय. शेजारची खोली, बंद घर. त्याच बाजूने सरळ बेकरी. मग रस्ता ओलांडून म्हातारीचा जिना, मग वळून..."

दादा ताडकन उठून बसला. "थांब! हे कोणत्या गाढवाने लावलंय?"

"मी."

"गिरणी आधी? आणि लाँड्री कुठे गेली? लाँड्री आधी घ्यायची! एकदा भट्टी तापली की वाफेने पाकिटं ओली होतात. आणि म्हातारीकडे डायरेक्ट जाणार तू? ती दारात येईपर्यंत काय करणार, जिन्यात भजन? तिला खालून हाक मारायची, समोरचं बंद घर आणि बेकरी उरकायची, तोवर ती जिना उतरते. मग परत फिरायचं."

"पण म्हणजे रस्ता दोनदा ओलांडायचा. किती लांब पडतं!"

"पडू दे लांब!" दादा गरजला. "तुझ्या गोदामातल्या मांडण्यांना गुडघे असतात का? कुत्री असतात का? बेकरीचं पुढचं दार फक्त गिऱ्हाइकांना. पत्र मागच्या दाराने, तिथे तो भट्टीवाला असतो, त्याला पत्र वाचूनही दाखवावं लागतं. आणि कुत्र्याचं घर कुठे घातलंस?"

"मध्ये."

"मध्ये!" दादाने कपाळावर हात मारला. "कुत्र्याचं घर शेवटी. तोवर तो जेवून लोळतो. सगळं पूस. लिही मी सांगतो तसं."

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातलं भांडं आपटायचं थांबलं. इतक्या महिन्यांत या घरात कुणी असं ओरडलं नव्हतं. धाकटीने तोंडातून एक अक्षर न काढता सगळं पुसलं. शिव्या खाऊन इतकं गोड तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग दोघांनी मिळून कामाला हात घातला. दादा चालायचा, म्हणजे पलंगावर बसूनच, पण पाय खाली सोडून, आणि धाकटी घुशीला शिकवायची. लाँड्रीतली वाफ, गिरणीची थरथर, हापशापाशी कायम ओली असणारी फरशी. म्हातारीचा जिना तसाच ठेवायचा, आधी हाक मारल्याशिवाय तिथे कुणी भेटणार नाही.

"पण एक सांग," दादा मध्येच थांबून म्हणाला, "हीच गल्ली दर रविवारी? मास्तर त्याच गल्लीत राहतात. दुसऱ्या खेपेला ओळखतील ते."

"म्हणून तर घूस हवी," धाकटी म्हणाली. हा भाग मात्र तिचा होता आणि ती तो सोडणार नव्हती. "खोल्या तुझ्या. खोलीत कोण, ते घूस ठरवणार. दर वेळी वेगळं. शिवाय कोणता बोळ ढासळला, कुठे पाणी भरलं, तेही तीच सांगणार. तुला पाठ करायचं काहीच नाही. गल्ली तुझी पाठच आहे, वर नवी माणसं राहायला आलीत, एवढंच लक्षात ठेवायचं."

दादाने हनुवटी खाजवली. "नवीन भाडेकरू. ते राहील डोक्यात. मला भाडेकरू पाठ व्हायचे. दाब बटण."

घुशीने गिरणीत अजगर बसवला.

"अजगर? गिरणीत? त्या धडधडीत तो वेडा होईल. बदल."

घुशीने गिरणीत पीठ खाऊन पांढऱ्या झालेल्या उंदरांची फौज बसवली. दादा हसला. मोठ्याने नाही, नाकातून, पण हसला. बेकरीच्या भट्टीत एक आगीचा राक्षस निघाला, त्याला वाचता येत नव्हतं, हे दादानेच पुढे जोडलं. चावी हवी असेल तर त्याला पत्र वाचून दाखवायचं. खजिना कुत्र्याच्या घरात ठेवला. मास्तरांच्या घरात काय, असं धाकटीने विचारलं, तर तो म्हणाला, "एक चेटूक. तोंडात टाचण्या असलेलं."

संध्याकाळपर्यंत भुयार जवळजवळ उभं राहिलं. लॅपटॉपमधल्या बाईला न विचारता दादाने पहिल्यापासून चालायला सुरुवात केली, एकही खोली न चुकता, एकही भाडेकरू न विसरता. तो लाँड्रीतून गिरणीत, हापशावरून बेकरीच्या मागच्या दाराला, परत म्हातारीकडे असा चालत गेला. धाकटी चोर होऊन त्याच्यामागे कुलपं उघडत होती.

"आता म्हातारीच्या जिन्याला वळसा घालून कोळशाच्या वखारीशेजारच्या बोळात," दादा म्हणाला, "तिथून सरळ..."

"तिथून नाही जाता येत," धाकटी बोलून गेली.

"का?"

आता जीभ चावून उपयोग नव्हता. "भिंत घातलीय. वखारवाल्याने. बोळ बंद आहे."

"काहीतरीच. तो बोळ सगळ्यांचा आहे."

"असेल. पण भिंत आहे. मी रोज तिकडून वळसा घालून येते, दादा."

 दादाची बोटं चादरीवर होती तिथेच थांबली. धाकटीला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की एका भिंतीचा हा प्रश्नच नाही. ज्या गल्लीत तो रोज मनाने जात होता, ती गल्ली त्याला न विचारता बदलली होती. आज भिंत, उद्या आणखी काही. त्याच्याजवळ उरलेलं एकमेव ठिकाणही त्याच्या हातून निसटत चाललं होतं.

"मग हे बीट मेलं," तो म्हणाला आणि पाय वर घेऊन आडवा झाला. "माझ्या डोक्यातली गल्ली जुनी झाली. जुन्या गल्लीत काय खेळायचं? डॉक्टरांना म्हण, बसा."

धाकटी रागाने लालबुंद झाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटून घ्यायची पाळी तिने स्वयंपाकघरात कांद्याशिवाय उरकली होती. ती पलंगाच्या कडेला उभी राहिली.

"रस्ता खणला की काय करायचास तू?"

"कधी?"

"कामावर असताना. कुणी सांगितलं, पुढे खणलंय, जाऊ नका, तर काय करायचास?"

दादाने भिंतीकडे कूस वळवली.

"मी सांगते. घरी येऊन आम्हाला ऐकवायचास. म्हणायचास, दुसऱ्याच्या सांगण्यावर बीट बदलायचं नसतं. पोस्टमनने स्वतः जाऊन बघायचं, मगच टपाल दुसरीकडून लावायचं. नव्या पोरांना दम द्यायचास तू यावरून. आणि आता मी सांगितलं भिंत आहे, की लगेच मेलं बीट? मी कोण? मी तर गिरणी आधी घेणारी!"

"मी बघू शकत नाही, धाकटे."

"हात लावून बघ. भिंत काय पळून जाणार आहे?"

एवढं बोलून ती निघून गेली, दार आपटून.  रस्त्याला लागल्यावर आपण फार बोललो असं तिला वाटलं, आणि परत जाऊन माफी मागावी असंही वाटलं. पण ती गेली नाही.

रविवारी दुपारी ती आली तेव्हा दादा दारात उभा होता. अंगावर स्वच्छ शर्ट, डोक्याला तेल, पायात मोजे.

"बूट कुठेयत?" तो घरभर ओरडत होता.

"जिथे काढून ठेवलेत तिथेच," वहिनी म्हणाली. "त्या धोंड्यांना मी कशाला हात लावतेय?" पण बूट पॉलिश केलेले होते, आणि कपाटामागची काठी वेष्टणातून बाहेर येऊन बुटांशेजारी उभी होती. दादाने काठी चाचपली, नाक मुरडलं, बाजूला ठेवली आणि खुंटीवरची आपली लांब दांड्याची छत्री घेतली.  वहिनीने काठी घडी घालून धाकटीच्या पिशवीत सरकवली.

"भिंत बघायला चाललोय," दादा धाकटीला म्हणाला. "दुसरं काही नाही. आणि माझ्या हाताला हात लावायचा नाही."

"कशाला लावू? मला काय हौस?"

तो उंबऱ्याबाहेर पडला. पहिल्या वळणावरच कुणाच्या तरी स्कूटरवर आदळला, स्कूटरच्या मालकाचा आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि पुढे निघाला. घाम फुटला होता त्याला. छत्री पुढे ठोकत, खांदे वर घेऊन, तो अगदी सावकाश चालत होता. धाकटी मागे, हात पाठीशी घट्ट बांधून, कारण ते तिचं ऐकत नव्हते, सारखे पुढे धावत होते. लाँड्रीशी वाफेचा वास आला तसे दादाचे खांदे जरा खाली आले.

लाँड्रीवाली दारात कपडे झटकत होती. तिला दादा दिसला आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, आमचं काही आहे का?"

मग तिलाच कळलं आपण काय बोललो, आणि तिने तोंडावर हात ठेवला.  

दादा थांबला. आवाजाच्या दिशेला वळला. "आज काही नाही," तो म्हणाला. "उद्या बघू." आणि पुढे निघाला, आधीपेक्षा जरा ताठ.

गिरणी, हापसा. बेकरीला तो मागच्या बाजूने गेला, उगाचच. भट्टीवाल्याने आतून ओळखून हाक मारली. म्हातारीच्या जिन्याखाली त्याने हाक दिली आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला. आणि मग वखारीच्या बोळात शिरल्यावर छत्रीचं टोक टक्क वाजलं.

भिंत होती. दादाने छत्री काखेत मारली आणि दोन्ही तळवे विटांवर ठेवले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेला, वर हात उंचावून उंची बघितली, खाली वाकून पाया बघितला. फट कुठेच नव्हती.  धाकटीला वाटलं, आता हा म्हणेल, चल घरी.

"भिंत आहे," दादा म्हणाला. "आणि बांधकाम तिरपं आहे." त्याने हाताची धूळ झटकली. मग जिवावर आल्यासारखं त्याने विचारलं, "वळसा कुठून घालतेस तू?"

"डावीकडून. नव्या गॅरेजवरून."

"ते मला माहीत नाही."

"माहीत आहे मला."

दादा छत्री घेऊन उभा राहिला. हात त्याने पुढे केला नाही. "मग तू पुढे चाल," तो म्हणाला. "आणि बोलत राहा. मी आवाजामागे येतो. तशीही तुझी बडबड चालूच असते."

धाकटी पुढे झाली आणि बोलायला लागली. काय बोलली ते तिलाही नंतर आठवलं नाही. इथे उतार आहे, इथे तेल सांडलंय, इथे टायर रचलेत, उजवीकडे सरक, डॉक्टर काल मला म्हणाले तुझी अक्कलदाढ काढायला हवी. मागे छत्री टक्टक् करत येत होती. गॅरेज संपलं आणि मास्तरांच्या मशीनचा खडखडाट ऐकू आला तेव्हा छत्री तिला ओलांडून पुढे गेली. तिथून पुढचं दादाला पाठ होतं.

मागच्या खोलीत डॉक्टर खुर्चीवर बसले होते. समोर जाडजूड पुस्तक, फासे ओळीने मांडलेले. शेजारी मास्तर, आणि पलीकडे बसची कंडक्टर ताई, जी त्या टेबलावर जादूगार होती. दारात दादाला बघून डॉक्टर इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली. ती त्यांनीच उभी केली, रुमालाने पुसली आणि पुस्तक मिटलं. "बरं झालं बुवा आलात," ते अगदी मनापासून म्हणाले. "मला पहिल्या खोलीपुढचं काही येत नाही."

दादा खुर्चीवर बसला. टेबलावरून हात फिरवला. कागद नाही, पेन्सिल नाही. धाकटीने घूस उघडून ठेवली होती, पण त्याने तिच्याकडे कान केला नाही. 

"तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात," दादा म्हणाला. आवाज तोच होता, रविवारचा. "वारा आला आणि तुमचे सगळे कंदील विझले."

"मी मंत्राने पेटवते," ताई म्हणाली आणि फासा उचलला.

"टाकू नकोस. या भुयारात कंदील पेटत नाही. कुणाचाच नाही."

 मास्तरांनी तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीला टोचली.

"घाबरू नका," दादा म्हणाला. "वाट मला माहीत आहे. समोरून गरम वाफ येतेय."

ते आत गेले. वाफेतून, पांढऱ्या उंदरांमधून, ओल्या फरशीवरून. भट्टीतल्या राक्षसाला मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं. म्हातारीला हाक न मारता डॉक्टर जिना चढले आणि वर कुणीच नाही म्हणून चरफडत खाली आले. मध्येच मास्तरांनी डोळे बारीक करून विचारलं, "दादा, ही गिरणी माझ्या ओळखीची वाटतेय," तर दादा म्हणाला, "पुढे या, तुमच्या ओळखीचं चेटूकही आहे."

आणि मग तो बोळ आला.

"समोर भिंत आहे," दादा म्हणाला. "नवी आहे. माझ्या नकाशात ती नव्हती."

"फोडतो," डॉक्टर म्हणाले. फासा गडगडत गेला. एक आला. ताईने मंत्र टाकला, तोही फुकट गेला. मास्तरांनी चोरदार शोधलं, ते नव्हतंच.

"मग आता?" मास्तर म्हणाले. "संपलं का इथेच?"

"संपतंय कशाला? वळसा आहे," दादा म्हणाला. "पण तो मला माहीत नाही, आमच्या चोराला माहीत आहे. तिने पुढे व्हायचं आणि बोलत राहायचं. बाकीच्यांनी आवाजामागे यायचं. मीही येतो."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. तिच्यामागे माणसं खोळंबली होती. 

"इथून डावीकडे," ती म्हणाली. "सांभाळून. उतार आहे."